वाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट: जुन्या नाशकात ही सेवा घेण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकात धोकादायक इमारतींच्या नोटिसा लागायला सुरुवात होते. तिवंधा, भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, पलीकडे पंचवटी. नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते, आणि ती दारावर लागली की मालक आणि भाडेकरू दोघंही स्ट्रक्चरल ऑडिट करून देणारा शोधायला निघतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला कलम २६५-अ प्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतंच. त्यामुळे या सेवेला गिऱ्हाईक कायम आहे. वाडा राहणार की जेसीबीखाली जाणार, हे बहुतेक वेळा त्या पंधरा-वीस पानांवर ठरतं. म्हणून या सेवेची नीट पारख व्हायला हवी.

एकाच नावाखाली इथे तीन वेगळ्या सेवा मिळतात: एका फेरीतलं प्रमाणपत्र, यंत्रांच्या चाचण्यांचा अहवाल, आणि वाड्याची बांधणी समजून केलेली तपासणी. पहिलीवर पैसे घालवू नयेत. दुसरी काँक्रीटच्या इमारतीसाठी चांगली आहे, पण वाड्याच्या बाबतीत फसवी ठरते. तिसरी महाग पडते, वेळ खाते, पण वाड्याबद्दल खरं उत्तर तिथेच मिळतं.

पहिल्या सेवेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अभियंता अर्ध्या तासात चौक, माडी आणि मागची भिंत पाहतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि चार दिवसांनी पत्र देतो. पत्रात ‘इमारत जीर्ण झाली असून आयुर्मान संपलं आहे’ असं एक वाक्य असतं. माप एकही नसतं. लाकडी वाड्याला ठरावीक आयुर्मान नसतं. खांब कोरडा राहिला तर शंभर वर्षं टिकतो आणि ओला राहिला तर दहा वर्षांत जातो. खांब कोरडा आहे की ओला, हे न पाहता दिलेल्या पत्रावर कोणाचंही घर पाडू नये, आणि कोणाला आत राहूही देऊ नये.

दुसरी सेवा जास्त चालते, आणि नुकसानही तीच जास्त करते. अहवाल जाडजूड असतो, त्यात तक्ते आणि आलेख असतात, प्रयोगशाळेचा शिक्का असतो. चाचण्या खऱ्या असतात, पण त्या सळई घातलेल्या काँक्रीटसाठी बनवलेल्या आहेत. वाड्यात सळईही नाही आणि काँक्रीटही नाही. दगडी जोतं, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) उभे सागवानी खांब, त्यावर तुळया, कडीपाट (कड्यांवर फळ्या टाकून केलेला मजला), आणि चुन्यात किंवा मातीत रचलेल्या विटांच्या भिंती असा हा सगळा मामला आहे.

रिबाउंड हॅमर घ्या. काँक्रीटच्या पृष्ठभागावर तो किती उसळतो, त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. जुन्या मऊ विटेवर आणि चुन्याच्या गिलाव्यावर तो कमीच उसळणार. अहवालात आकडा येतो, शेजारी ‘पुअर’ असा शेरा पडतो. पण ही भिंत दोन-अडीच फूट जाड असते आणि तिच्यावर येणारा दाब काँक्रीटच्या खांबाच्या मानाने अगदी थोडा असतो. तिला तेवढ्या ताकदीची गरजच नसते. अल्ट्रासॉनिक चाचणीचंही तसंच. ध्वनिलहरी वीट, सांधा, पोकळी, पुन्हा वीट अशा वाटेने जातात. वेग कुठे काहीही येतो आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. हाफ-सेल चाचणी सळईचा गंज शोधते. वाड्याच्या अहवालात ती दिसली तर ती बहुधा नंतर घातलेल्या संडासाच्या स्लॅबवर केलेली असते. तो स्लॅब तपासायला हवाच, पण त्यावरून वाड्याची प्रकृती ठरत नाही.

यातली सर्वांत घातक चूक फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत होते. काँक्रीटवर हा द्राव टाकला आणि रंग गुलाबी झाला नाही, तर काँक्रीटचं कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया) झालं, सळईचं संरक्षण गेलं, असा अर्थ निघतो. तो बरोबर आहे. चुन्याचा नियम याच्या नेमका उलटा आहे. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. चुन्याच्या सांध्यावर गुलाबी रंग आला नाही, तर चुना पूर्ण पक्का झाला आहे. गुलाबी आला, तर आत अजून कच्चा आहे. अहवालात ‘कार्बोनेशन पूर्ण खोलीपर्यंत, स्थिती गंभीर’ असं वाक्य भिंतीबद्दल लिहिलेलं दिसलं, की अहवाल लिहिणाऱ्याने चुन्याचं बांधकाम कधी अभ्यासलेलं नाही हे ओळखावं. त्या अहवालावरचा सी-१ शेरा मान्य करू नये. दुसरी तपासणी मागावी.

सी-१ म्हणजे काय, तेही इथे सांगायला हवं, कारण नोटीस आणि अहवाल दोन्ही याच भाषेत बोलतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. जुन्या नाशकातले बरेच वाड्यांचे वाद सी-१ आणि सी-२अ यांच्यामधल्या रेषेवर असतात, आणि ती रेषा खांबाच्या बुडाशी आणि तुळईच्या टोकाशी ठरते. हॅमरने ती सापडत नाही.

आता तिसरी सेवा. संवर्धनाचं काम करणारा वास्तुविशारद आणि लाकडाचं गणित करणारा स्ट्रक्चरल अभियंता असे दोघं मिळून ती देतात. मधल्या आकाराच्या, चार-पाच खणी (खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग), दुमजली वाड्याला निदान दोन ते तीन दिवस प्रत्यक्ष काम लागतं, आणि भेगांवर नजर ठेवायची तर काही महिने. यात काय व्हायला हवं ते खोलात लिहितो, म्हणजे काम घेणाऱ्याला नेमके प्रश्न विचारता येतील.

पहिलं काम नकाशाचं. प्रत्येक खांबाला, तुळईला आणि भिंतीला क्रमांक हवा. ‘पहिल्या मजल्यावरची काही लाकडं सडलेली आहेत’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘खांब ७, तळापासून ४० सेंमीपर्यंत पोकळ’ हे कामाचं आहे.

लाकडाची तपासणी हाताने होते. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. निरोगी सागवान खणखणीत बोलतं, पोखरलेलं भद्द वाजतं. मग अणकुचीदार दाभण टोचून पाहायचं. शंका असेल तिथे बारीक ड्रिल मारून भुशाचा रंग आणि ड्रिलला होणारा विरोध बघायचा. रेझिस्टोग्राफ नावाचं यंत्र हेच काम अवघ्या ३ मिमीच्या सुईने करतं आणि आलेख काढून देतं; मिळालं तर उत्तम, नसेल तर अडत नाही. ओलावा मोजायचं मीटर मात्र हवंच. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. म्हणून प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरणारं टोक, प्रत्येक खांबाचं बूड आणि न्हाणीघराखालच्या सगळ्या कड्या, यांचे आकडे अहवालात असायला हवेत. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा पांढरा भाग देतो. वरून भयानक दिसणारा खांब आतून शाबूत निघतो, तो यामुळेच.

किती गेलं, याचा हिशेब साध्या गणिताने होतो आणि तो अहवालात दिसायलाच हवा. २० बाय २० सेंमीचा खांब चारही बाजूंनी अडीच सेंमी गेला, तर उरतो १५ बाय १५, म्हणजे मूळ क्षेत्रफळाच्या ५६ टक्के. सरळ उभ्या खांबाला एवढं बहुधा पुरतं, कारण जुन्या सुतारांनी लाकूड सढळ हाताने वापरलं आहे. तुळईचं गणित वेगळं. २५ सेंमी उंचीच्या तुळईची उंची २० सेंमी उरली, तर वाकण्याविरुद्धची ताकद ६४ टक्क्यांवर येते आणि ताठपणा निम्म्यावर. म्हणून खांबापेक्षा तुळईकडे जास्त बारकाईने पाहायचं. तुळई मध्ये वाकलेली दिसते म्हणून लगेच बाद करायची नाही. लाकूड वर्षानुवर्षं भार घेऊन हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. वाक वाढतो आहे का, हे महत्त्वाचं.

त्यानंतर भार. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मूळ कडीपाटावर मातीचा थर, त्यावर शहाबादी फरशी, आणि पुढच्या पिढीने त्याच फरशीवर सिमेंट ओतून नव्या टाइल्स बसवलेल्या असतात. २५ मिमीची फरशी आणि खाली ४० मिमीचा मसाला धरला तर एका थराचं वजन चौरस मीटरला १४५ किलोच्या आसपास होतं. राहत्या खोलीसाठी माणसं आणि सामान मिळून २०० किलोचा भार धरतात. म्हणजे एका जादा फरशीने खोलीच्या हक्काचा तीन चतुर्थांश भार आधीच खाल्लेला असतो. गच्चीवर हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, तोही दोन-तीन कड्यांवर. जादा थर काढून आणि टाकी खाली आणून वाड्याची स्थिती एका आठवड्यात सुधारते. चांगल्या अहवालातली पहिली शिफारस बहुधा हीच असते.

भिंतींना ओळंबा लावायचा आणि दोरी ताणून पोट मोजायचं. ४५ सेंमी जाडीच्या भिंतीत भाराची रेषा मध्यापासून साडेसात सेंमीच्या आत राहिली, तर भिंतीत कुठेही ताण, म्हणजे ओढ, येत नाही; चुन्याच्या सांध्याला ताण सोसत नाही, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची. जाड भिंत बाहेरून भाजकी वीट, आतून कच्ची वीट किंवा भर अशी दोन पदरांची असते. पदर एकमेकांपासून सुटले की ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि बाहेरच्या पदराला पोट येतं. ही खरी धोक्याची खूण आहे, भेगेपेक्षाही. भेगेवर चार बोटं लांबीची काचेची पट्टी तारीख लिहून चिकटवतात, पण काच फुटली एवढंच कळतं, किती ते कळत नाही. त्यापेक्षा भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन खिळे ठोकून व्हर्नियरने महिन्याला अंतर मोजलं, तर भेग कुठल्या दिशेला आणि किती सरकते ते दोन्ही समजतं. हे ऑक्टोबरात सुरू करून पुढच्या पावसाळ्याअखेरपर्यंत चालवावं. मे महिन्यात घाईने केलेल्या ऑडिटची मोठी उणीव हीच, की भिंती तेव्हा वर्षातल्या सर्वांत कोरड्या असतात.

पाण्याचा माग काढणं हे या सेवेचं काळीज आहे. नाशकात त्याच्या तीन वाटा आहेत. एक, पूर. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदेचं पाणी काठच्या वस्तीत आणि बाजारात शिरलं. विटांची भिंत वाळायला जाडीच्या इंचाला साधारण एक महिना धरतात, म्हणजे दीड फुटाच्या भिंतीला वर्ष-दीड वर्ष. त्याआधीच सिमेंटचा गिलावा मारून घेतला, तर ओल आत कोंडून राहते. दोन, गल्लीचा रस्ता. थरावर थर चढून रस्ता जोत्याच्या वर गेला की देवडीतून पाणी आत येतं, आणि खांबाचं बूड बाहेरच्या पातळीखाली जातं. शिवाय ड्रेनेजसाठी भिंतीला लागून खोल चर खणली तर पायाखालची माती सुटते. पायाच्या तळापासून ४५ अंशांची रेषा खाली ओढली, तर चर त्या रेषेच्या बाहेरच राहायला हवी. तीन, सिमेंट. भिंतीच्या खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा केला की जमिनीतून चढणारी ओल तिथून बाहेर पडू शकत नाही, ती आणखी वर चढते आणि तुळईच्या टोकांपर्यंत पोचते. अहवालात सडलेली टोकं सापडली आणि त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल, तर कारण बहुधा तेच.

आणि सामाईक भिंत. घनकर लेन असो वा हुंडीवाला लेन, वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत. शेजारचा वाडा पाडला की मधल्या भिंतीचा आधार जातो, आणि जो भाग कधीच पाऊस पाहणार नव्हता तो उघडा पडतो. त्या बाजूला गिलावा नसतो, कड्यांच्या टोकांची भोकं उघडी असतात. पहिल्याच पावसात कच्ची वीट विरघळू लागते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे न पाहता केलेलं ऑडिट अपुरं आहे. अशा भिंतीला पाडकामाच्याच आठवड्यात तिरपे टेकू आणि चुन्याचा गिलावा, निदान वरून पत्र्याचं झाकण आणि ताडपत्री हवी.

टेकूंबद्दल थोडं. धोका दिसला तर ऑडिट पुरं होण्याआधीच टेकू लागतात, आणि ते चुकीचे लागले तर टेकूच वाड्याला मारतात. वरच्या मजल्यावरचा टेकू खालच्या कडीपाटावर उभा करून भागत नाही. त्याच्या बरोबर खाली दुसरा, असं जमिनीपर्यंत जायला हवं. खाली दोन इंची फळी, वर तुळईला लागून फळी. स्क्रू जॅक हाताला घट्ट लागेपर्यंतच फिरवायचा. वाकलेली तुळई सरळ करायच्या हट्टाने वर उचलली तर सांधे उघडतात आणि भिंतीत नवी भेग पडते.

दुरुस्तीच्या शिफारशींवरून अहवालाची परीक्षा लवकर होते. लाकडी खांबाला काँक्रीटचं जॅकेट, माडीवर १०० मिमीचा स्लॅब, भिंतीला गनाइटिंग (दाबाने फवारलेलं सिमेंट) अशा सूचना असतील तर तो कागद बाजूला ठेवावा. १०० मिमीचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलोचा, आणि तो त्याच जुन्या खांबांवर येणार. काँक्रीटमध्ये बंद केलेला खांब आतल्या आत कुजतो आणि पुन्हा तपासताही येत नाही.

योग्य शिफारशी अशा दिसतात: खांबाचं कुजलेलं बूड कापून तिथे उंच तळखडा बसवणं, तुळईचं टोक कापून जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा सांध्याने जोडणं, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, आणि वॉशरसह १२ मिमीचे बोल्ट, भिंतीत टोकाभोवती दोन-तीन सेंमी हवेची जागा. सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढून एक भाग चुना, एक भाग सुर्खी (भाजक्या विटेची भुकटी), दोन भाग वाळू या प्रमाणात नवा गिलावा, १० ते १२ मिमीच्या थरांत, ओल्या गोणपाटाखाली निदान दहा दिवस. कळीचा चुना जागेवर विझवून किमान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला असावा. पिशवीतली भुकटी सकाळी कालवून दुपारी लावली तर गिलावा पापुद्रे सोडतो. हे काम दिवाळी ते होळी या काळात करावं. एप्रिल-मे च्या उन्हात चुना वाळतो, पण पिकत नाही. सुटलेले पदर बांधायला चुन्याचं पातळ ग्राउट (पोकळी भरायचा द्रव मसाला) हलक्या दाबाने भरायचं आणि दगडी भिंतीत आरपार बांधदगड घालायचे, आडवे सव्वा मीटरवर, उभे ६० सेंमीवर. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, त्यामुळे तुळया आणि भिंती एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी बांधण्याची सूचना नसेल तर ती मागून घ्यावी.

प्रत्येक वाडा वाचवता येतो असं नाही. पायाखालची माती वाहून गेली आहे, दोन पदरी भिंत मजल्याच्या उंचीभर सुटली आहे, बहुतेक खांब बुडापासून वरपर्यंत पोकळ आहेत, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर दुरुस्ती म्हणजे नवं बांधकामच. तिथे माणसांचा जीव आधी. तिसऱ्या प्रकारची सेवा असा निकाल देते तेव्हा तो मानावा, आणि सागवान, तळखडे, कोरीव हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) क्रमांक टाकून उतरवून घ्यावेत. ते दुसऱ्या वाड्याच्या दुरुस्तीला लागतात. शाबूत सागवानी काम कसं दिसतं हे डोळ्यांना कळायला हवं असेल तर सरकारवाडा पाहावा. पेशवेकालीन, दगडी जोत्यावरचा, राज्य संरक्षित.

पाडून नवं बांधणं फायद्याचंच असतं, हेही गृहीत धरू नये. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे किती बांधता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. सात-आठ फुटी गल्लीत रस्तारुंदीची रेघ, जिना आणि पार्किंग वजा करून काय उरतं, ते ऑडिटच्या आधी एका वास्तुविशारदाकडून कागदावर काढून घ्यावं. दुरुस्तीचा खर्च त्याच्या शेजारी ठेवावा. इमारत वारसा यादीत असेल तर पाडण्याचा निर्णय एकट्या मालकाचा राहत नाही, आणि विकास हक्क हस्तांतराची (टीडीआर, म्हणजे इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची) वाट तपासता येते.

भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ चा आधार आहे: मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या नाशकातल्या भाड्यांत त्यात एक खांबही होत नाही. म्हणून ऑडिटचा खर्च मालक-भाडेकरूंनी वाटून घेतलेला बरा; एकाच बाजूने नेमलेल्या अभियंत्यावर दुसरी बाजू विश्वास ठेवत नाही आणि प्रकरण वर्षानुवर्षं लटकतं. तेवढ्यात वाडा ओला होत राहतो.

काम देताना दर चौरस फुटावर ठरवू नका. त्यात पाहणाऱ्याला घाई होते. दिवस आणि खण यांवर ठरवा. कार्यादेशात लिहून घ्या: क्रमांकांसह नकाशा, प्रत्येक लाकडाच्या टोकाचा ओलावा, उरलेल्या छेदाचं गणित, भाराचा हिशेब, शेजारच्या भिंतीची स्थिती, पावसाळ्यानंतरची दुसरी भेट, आणि सी-१ दिला तर सी-२अ का नाही याचं स्वतंत्र कारण. वाडा रिकामा करावा लागलाच तर बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोल्यांची मापं घेऊन त्यावर मालक, भाडेकरू आणि अभियंता तिघांच्या सह्या घ्या, आणि तो कागद अहवालालाच जोडा.